माझेच जंतू मला मिळेनात

“काकू, तुम्ही जंतूंचं काय करणार?” काउंटरवरच्या मुलानं अगदी मनापासून विचारलं. लोणचं घालणार, असं ओठांवर आलं होतं. पण डावा गाल फुगलेला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. टोमणा गिळला.

आधीचं थोडक्यात. खालची डावी दाढ. रूट कॅनॉल, पुन्हा रूट कॅनॉल, शेवटी दाढच काढली. जखम भरेना, त्यात माझा जुना मधुमेह. स्कॅनमध्ये दिसलं की संसर्ग जबड्याच्या हाडात गेलाय. दोनदा हाड खरवडून झालं, शिरेतून अँटिबायोटिक झालं. औषध थांबलं की पंधरा दिवसांत हिरडीतून पू हजर.

जंतूचं नाव एन्टरोकॉकस फीकॅलिस. राहायचा आतड्यात, पण फसलेल्या रूट कॅनॉलमध्ये हा हमखास सापडतो म्हणे. दाताच्या नळीत भरतात त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडलाही पुरून उरतो, आणि चिकट थर करून त्याच्या आत बसला की अँटिबायोटिक पोचत नाही.

माझी भाची मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. तीच म्हणाली, “मावशी, फाजचं विचारून बघू या का?” बॅक्टेरिओफाज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. जॉर्जिया देशात तिबिलिसीला एलियावा इन्स्टिट्यूट आहे, १९२३ पासूनची. फाजचा शोध लावणारा दरेल हा ती संस्था काढणाऱ्या एलियावांचा मित्र. पुढे १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत एलियावांना गोळ्या घातल्या, पण संस्था टिकली. गंमत अशी, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात हे हॅन्किन नावाच्या साहेबानं १८९६ मध्येच लिहून ठेवलं होतं, आणि तो कामाला होता आग्र्यात. त्यामागे फाजच असावेत असं आता काही जण मानतात. आणि मी विमान शोधत होते तिबिलिसीचं.

तिथून ईमेलला उत्तर दोन दिवसांत आलं. रिपोर्ट नको, जंतू पाठवा. बरोबरच होतं. एक फाज बहुधा एकाच जातीच्या जंतूला धरतो, त्यातही सगळ्या वाणांना नाही. म्हणून तुमचा जंतू प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या बशीत, पसरून त्यावर वेगवेगळ्या फाजचे थेंब टाकतात आणि कुठल्या थेंबाखाली जागा स्वच्छ होते ते बघतात.

इथून पुढचे सात आठवडे मी एका लॅबच्या काउंटरवर काढले.

पहिल्यांदा गेले तेव्हा कळलं, रिपोर्ट गेला की प्लेट ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत जंतू मारून, टाकून देतात. नियम आहे, मान्य. मग नवा नमुना. माझी अँटिबायोटिक चालू होती, हे ना त्यांनी विचारलं ना मी सांगितलं. चार दिवसांनी रिपोर्ट: वाढ नाही. जंतू मेलेले नव्हते, नुसते दबलेले. (नमुन्याआधी औषध किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मला त्या काळात ताप आला होता.) तिसऱ्या वेळी सर्जननी सुजेतून सुईनं पू काढला, कारण तोंडातून स्वॉब घेतला तर लाळेतले शंभर पाहुणे सोबत येतात.

या वेळी मी आधीच अर्ज दिला: जंतू वाढला तर टाकू नका, मला हवाय. मुलगा म्हणाला, डॉक्टरांच्या लेटरहेडवर आणा. आणलं. शिक्का नाही. शिक्का आणला. मॅडम सोमवारी येतात. सोमवारी मॅडम रजेवर. मग हेड ऑफिसला ईमेल करा. हेड ऑफिसचं उत्तर आलं: पेशंटला रिपोर्ट देण्याची सोय आहे, जंतू देण्याची नाही. मी लिहिलं की हे माझ्याच जबड्यातले आहेत, मी पैसे भरून दिलेत. त्यावर उत्तर नाही. एव्हाना मला त्या काउंटरवरच्या कॅलेंडरवरचे सगळे सण पाठ झाले होते.

सुटलं कसं? भाचीनं सुचवलं: मागणारी पेशंट नको, मागणारा डॉक्टर हवा आणि घेणारी लॅब हवी. तिबिलिसीहून “हा नमुना आम्ही स्वीकारू” असं पत्र मागवलं, आमच्या सर्जननी थेट मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमना फोन केला. दहा मिनिटं! मॅडम स्वतः खाली आल्या, हातात आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) वाढवलेल्या जंतूची छोटी बाटली. “आधी मला का नाही भेटलात?” म्हणाल्या. मी काही बोलले नाही. एवढी वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला काढल्यावर बोलणार काय.

साधा कुरिअरवाला “जंतू” ऐकताच पाकीट परत सरकवतो. जैविक नमुने नेणाराच गाठा. तीन थरांचं पॅकिंग आणि यूएन ३३७३ चं, म्हणजे आत जैविक नमुना आहे असं सांगणारं, लेबल लागतं. सोबतची कागदपत्रं त्याच्याकडून आधी लिहून घ्या.

तिबिलिसीचे दिवस सरळ गेले. जंतूला लागू पडणारा फाज त्यांच्या तयार मिश्रणातच निघाला. हाड पुन्हा साफ केलं, पोकळी फाजच्या द्रावणानं धुतली, मग रोज तेच. धुण्याआधी माउथवॉश नाही, नुसतं सलाइन; जंतुनाशकानं फाजही मरू शकतो. येताना अँप्यूल पर्समध्ये थंड पिशवीत आणल्या, प्रिस्क्रिप्शनसकट. पार्सलनं मागवायचं असेल तर स्वतःच्या वापरासाठी औषध आयातीचा फॉर्म १२-ए भरून १२-बी परवाना घ्यावा लागतो, तो आधी काढा.

आठ महिने झाले, पू नाही. स्कॅनमध्ये हाड भरतंय. फाजनं झालं की तिसऱ्यांदा नीट खरवडल्यानं, हे सर्जननाही ठामपणे सांगता येत नाही, मग मी कशाला सांगू? साखर मात्र त्या काळात मी पहिल्यांदाच शिस्तीत ठेवली होती, तेही धरा.

परवा तपासणीसाठी त्याच लॅबमध्ये गेले. मुलानं ओळखलं. “काकू, प्लेट ठेवायला सांगू का?” म्हणाला. सांग म्हटलं, आणि आधी तुझं नाव लिहून दे.