तुम्ही विचारलंत म्हणून: मिरज, १९७८

"वर्ष कशाला ठरवायचं? खेळण्यातलीच गाडी ना?" घरी फळीवर मी मिरज स्टेशनची छोटी प्रतिकृती मांडलीय, रूळ-गाड्यांसकट, एका ठरावीक वर्षातली. बघणाऱ्यांचं हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला. मग १९७८च का? डेक्कन क्वीन सुरू झाली ते १९३० का नाही, नाहीतर सरळ वंदे भारत?

कारण मिरज. १९७१ला तिथे ब्रॉडगेज आली, तेव्हा मीटरगेज लोंढ्याकडे जातच होती आणि नॅरोगेज कुर्डुवाडीकडे. तीन मापांचे, म्हणजे तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एका गावात, तेही जेमतेम दोन दशकं. १:८७ प्रमाणात तयार मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ नॅरोगेजला जवळजवळ बरोबर बसतो, १२चा मीटरगेजला. ब्रॉडगेजला १९.३ हवा, मी १६.५वर भागवलंय. अचूकतेच्या गप्पा मारणाऱ्याची मोठी गाडीच तोकड्या रुळांवर उभी आहे. आधीच सांगतो, उगाच कुणी पट्टी लावायला नको.

हे उत्तर खोटं नाही. अर्धं आहे.

आधी मी १९३५ मांडलं होतं. बार्शी लाइट, म्हणजे ती नॅरोगेज, १९२७ला मिरजेत पोचलेली, कोल्हापूर संस्थानची मीटरगेज, फलाटावर साहेबी टोप्या. दोन वर्षं खपलो. मग काका बघायला आले. मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, म्हणून चाचपत होते. एका रुळावरून बोट सरकवलं, मग दुसऱ्यावरून. मग हात फळीच्या कडेपर्यंत नेला आणि परत आणला.

"तिसरी कुठं हाय?"

"काका, तेव्हा ब्रॉडगेज नव्हती."

"आन् शेड?"

काकांचं आयुष्य ट्रान्सशिपमेंटमध्ये गेलं. एका मापाच्या वाघिणीतलं पोतं पाठीवर घ्यायचं, दुसऱ्या मापाच्या वाघिणीत टाकायचं. शेडची जागा मी बंगल्याला दिली होती. ते म्हणाले, "मी बहात्तरला लागलो." आणि मी, मोठा शहाणा, म्हणालो, "हे तुमच्या आधीचं आहे."

त्यांनी हात काढून घेतला, धोतराला पुसला आणि चहा झाला का विचारलं. पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. दिवाळीआधी गेले.

आणि शेड १९३५लाही हवीच होती की! दोन मापं म्हटल्यावर माल कुणीतरी उतरवणारच. हे मला त्यांच्या तेराव्याला, पंगतीत बसल्यावर सुचलं.

फळी मी त्यांच्यासाठी उखडली, असं घरात म्हणतात. मी खोडून काढत नाही. पण त्याच महिन्यात मला मीटरगेजचं इंजिन आणि चार डबे स्वस्तात मिळाले होते, हेही खरंच.

मग बहात्तरच का नाही घेतलंस, असं मीच मला विचारतो. बहात्तर म्हणजे दुष्काळ. काका आटपाडीकडून मिरजेला आले ते त्यापायीच. ते वर्ष मांडायचं तर हिरवी भुकटी चिमूटभरही वापरता येणार नाही, आणि माझ्याकडे चार बरण्या पडून होत्या. मला गवत लावायला आवडतं हो. म्हणून अठ्ठ्याहत्तर. शेड आहे, तिसरा रूळ आहे, बाभळीही हिरव्या आहेत.

शेडच्या दारात पोतं घेतलेला एक माणूस चिकटवलाय, वीस मिलिमीटरचा. त्याच्या पायात चपला रंगवल्या, खरवडल्या, परत रंगवल्या. सध्या आहेत.