हेडलाइटचा पिवळेपणा: घासायच्या आधी लेप ठरवा

हेडलाइट पिवळट, धुरकट दिसायला लागला की वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश कागद) आणायच्या आधी त्यावर मगभर पाणी ओतून बघा. ओल्या काचेतून आतला बल्ब आणि रिफ्लेक्टर स्वच्छ दिसला, तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि ती घरी निघते. पाणी बारीक चऱ्यांमध्ये भरतं, त्यामुळे काम झाल्यावर काच साधारण कशी दिसेल तेही तेवढ्यात कळतं. पाणी ओतूनही काच ढगाळच राहिली तर दोष आत आहे. आतून बाष्पाचे डाग पडलेत, रिफ्लेक्टरची चकाकी उडालीय किंवा भेगा खोलवर गेल्यात. मग बाहेरून कितीही घासलं तरी वेळ आणि कागद वाया. फार जुन्या गाडीला खरीखुरी काच असेल तर हा सगळा खटाटोपच लागू होत नाही.

आताच्या गाड्यांची हेडलाइटची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते. दगड बसला तरी सहसा न फुटणारा हा पदार्थ, पण पृष्ठभाग मऊ, चटकन चरे पडणारा, आणि उन्हातले अतिनील किरण त्याला अजिबात सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन जाडीचा कडक, पारदर्शक लेप दिलेला असतो. ऊन, धूळ, धुताना होणारं घासणं यांनी तो लेप झिजतो आणि तडकतो. वरच्या उताराकडे आधी, कारण ऊन तिथे थेट पडतं. लेप गेला की खालचं पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं.

घासण्याने पिवळा थर जातो आणि त्याबरोबर कारखान्याचा उरलासुरला लेपही जातो. दिसायला काच नव्यासारखी होते, पण ती आता उघडी असते. तशीच सोडली तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी, आणि पहिल्यापेक्षा लवकर. इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत चकाकणारी काच दाखवून व्हिडिओ संपतो. खरं काम तिथून पुढे आहे.

म्हणून वर कोणता लेप द्यायचा ते आधी ठरवायचं. किती बारीक कागदापर्यंत जायचं ते त्यावरच अवलंबून असतं. सगळ्यात टिकाऊ म्हणजे हार्डनर (लेप कडक करणारा घटक) असलेला दोन घटकांचा क्लिअरकोट, म्हणजे फवारायचा पारदर्शक लेप, ज्याला २के म्हणतात. नीट बसला तर काही वर्षं टिकतो. त्याच्यासाठी ८०० ते १००० ग्रिटवर (ग्रिट म्हणजे कागदाचा आकडा; आकडा मोठा तितका कागद बारीक) थांबायचं आणि पॉलिश करायचंच नाही. बारीक चऱ्यांमध्ये क्लिअर भरतो, पकड घेतो आणि काच पारदर्शक होते. ३००० पर्यंत नेऊन, बफिंग (फिरत्या पॅडने पॉलिश) करून आरशासारख्या काचेवर २के मारला तर त्याला धरायला काही उरत नाही आणि पुढे तो पापुद्र्यांनी सुटतो. दुसरा पर्याय म्हणजे कापडाने पुसून लावायचा अतिनील-रोधक लेप, जो बऱ्याच किटमध्ये मिळतो. तो पातळ असतो, खोल चरे झाकत नाही, म्हणून २००० किंवा ३००० पर्यंत जावं लागतं. नेमकं किती ते किटच्या कागदावर दिलेलं असतं आणि तेच पाळावं. तिसरा पर्याय वॅक्स किंवा सीलंट. पूर्ण पॉलिश केलेल्या काचेवर लावायला सोपं, पण दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावायची तयारी हवी. नियमाने लावणाऱ्याला चालतं, बाकीच्यांनी या वाटेला जाऊ नये.

सामान फार लागत नाही. ओलं-सुकं दोन्ही चालणारा सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० ग्रिटचा (लेप काढायलाच जड जात असेल तर ६०० सुद्धा), मऊ फोमचा किंवा रबरी ठोकळा, रुंद मास्किंग टेप, भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकलेलं पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबर फडकी. पॉलिश करायचं असेल तर प्लास्टिकला चालणारं कंपाउंड आणि ड्रिलला बसणारं ३ इंची फोम पॅड.

गाडी सावलीत, काच थंड, दिवे बंद. आधी हेडलाइट आणि भोवतीचा भाग नीट धुवायचा, कारण एक वाळूचा कण कागदाखाली अडकला की असा चरा पडतो की तो काढायला सुरुवातीच्या ग्रिटवर परत जावं लागतं. मग कडेने बंपर, बॉनेट आणि फेंडरच्या रंगावर टेपचे दोन थर. एकच थर ८०० च्या कागदाने बघता बघता फाटतो आणि रंगाला कागद लागतो.

कागद १०-१५ मिनिटं पाण्यात भिजवायचा. ८०० ने फक्त आडवं घासायचं, ठोकळ्याला गुंडाळून, हलका पण सारखा दाब देऊन. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली दाब जास्त पडून लांबट खाचा होतात, ज्या रात्री दिवा लावल्यावर दिसतात. वळणदार काचेवर लाकडी ठोकळाही नको; तो उंचवट्यावरच घासतो आणि खोलगट भाग तसाच सोडतो. पाणी सतत मारत राहायचं. सुरुवातीला काचेवरून उतरणारा लगदा पिवळसर असतो, तो हळूहळू पांढरा होतो. पांढरा लगदा आला म्हणजे पिवळा थर बहुतेक निघाला.

पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. काच पुसून पूर्ण कोरडी करा आणि टॉर्च तिरका धरून बघा. सगळी काच एकसारखी मळकट-पांढरी, दुधी दिसली पाहिजे. मध्येच चकाकणारी बेटं दिसली, त्यांच्या कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या असल्या, तर तो कारखान्याचा शिल्लक लेप आहे. तो तसाच ठेवून पुढचा कागद घेतला तर ती बेटं शेवटपर्यंत राहतात आणि नव्या लेपाखालून आणखी ठळक दिसतात. या टप्प्याला काच आधीपेक्षा वाईट दिसते. घाबरून इथेच थांबणारे बरेच असतात. निम्म्याहून जास्त वेळ या पहिल्या कागदावरच जातो आणि तो जाऊ द्यावा.

पुढच्या प्रत्येक ग्रिटला दिशा बदलायची: १००० उभा, १५०० पुन्हा आडवा, २००० तिरका. आधीच्या दिशेचे चरे दिसेनासे होईपर्यंत पुढे सरकायचं नाही. ही तपासणी दर वेळी कोरड्या काचेवर, कारण ओल्या काचेत सगळंच छान दिसतं. ग्रिट बदलताना पाणीही बदला आणि काच धुऊन काढा, नाहीतर ८०० चे कण २००० च्या कागदाखाली फिरत राहतात. काचेवर ठसठशीत उमटवलेली खूण किंवा अक्षरं असतील (वर्तुळात ई असलेलं मान्यताचिन्ह वगैरे) तर ती घासून सपाट करू नका, त्यांच्या कडेकडेने जा.

वॅक्सच्या वाटेने जाणाऱ्यांनी ३००० नंतर बफिंग करायचं. ड्रिल मिनिटाला साधारण १२०० ते १५०० फेऱ्यांवर, पॅड ओलसर, आणि एका जागी थांबायचं नाही. पॉलिकार्बोनेट साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि कोरडं पॅड एका ठिकाणी धरलं तर तेवढी उष्णता तयार होते. मग पृष्ठभाग ओढला जाऊन लाटा पडतात, आणि त्या परत ८०० पासून काढाव्या लागतात. हात लावल्यावर चटका बसला तर आधीच उशीर झालाय असं समजा.

लेपाआधी शेवटचं पुसणं आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ फडक्याने. थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल चुकूनही नको. पॉलिकार्बोनेटवर त्यांनी जाळीदार तडे जातात आणि त्यांना इलाज नाही. पुसल्यावर बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकट ठसा लेपाखाली कायमचा राहतो. आधीची टेप पाण्याने भिजून कडेने सुटलेली असते, तिच्याजागी नवी लावा आणि आजूबाजूची निम्मी गाडी कागदाने झाका. क्लिअरचा फवारा वाटतो त्यापेक्षा लांब उडतो.

२के मारताना श्वासाची काळजी पहिली. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे कामाचा नाही. उत्पादकाने सांगितलेला रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा नसेल तर सरळ पुसून लावायचा लेप निवडा. डब्यावर पॉलिकार्बोनेटला चालतो आणि अतिनील संरक्षण आहे, हे दोन्ही लिहिलेलं हवं. कुठलाही साधा क्लिअर स्प्रे चालत नाही. १५ ते २० सेंटिमीटरवरून पहिला हात अगदी पातळ, धुक्यासारखा, मग डब्यावर दिलेल्या अंतराने दोन ओले हात. पहिल्याच हाताला चकाकी आणायला गेलात तर ओघळ येणार. हवा दमट असेल तर लेपात पांढरी झाक येते, म्हणून पावसाळी दिवस टाळा. हार्डनर डब्यात मिसळणारी कळ दाबल्यावर डबा मर्यादित वेळच वापरता येतो, तेव्हा दोन्ही हेडलाइट आधी तयार ठेवून एकदमच मारा. किमान २४ तास पाणी नाही, आणि पहिले काही दिवस साबणाने धुणंही नको.

टूथपेस्टने घासणं म्हणजे सौम्य पॉलिश. वरवरचा धूरकटपणा जातो, संरक्षण शून्य. फवारायची वंगणं चऱ्यांमध्ये तेल भरून दोन दिवस काच साफ दाखवतात आणि नंतरचा लेप धरू देत नाहीत. डीट हे रसायन असलेलं डास पळवायचं मलम हा त्यातला सगळ्यात वाईट उपाय: ते पॉलिकार्बोनेटचा वरचा थर विरघळवतं, काच क्षणभर चमकते, मग चिकट होऊन तडकते. गरम कपातून रसायनाची वाफ देणारी किटही याच जातीची. वाफ विषारी, आणि झिजलेला पृष्ठभाग काढायच्या ऐवजी वितळवून सपाट केलेला.

काही वर्षांनी लेप कुठे सुटायला लागला तर तेवढ्याच जागी ठिगळ लावू नका, कड नेहमी दिसते. पूर्ण काच ८०० ने घासून जुना लेप काढायचा आणि नवा द्यायचा. पिवळा थर नसल्यामुळे या वेळी ८०० वरचं काम बरंच लवकर उरकतं.