डेन्व्हर ते व्हेल: आय-७० च्या घाटात ऑल-सीझन टायर कुठवर पुरतात

कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने डोंगरातलं व्हेल साधारण १०० मैल. कोरड्या दिवशी दोन तास. बर्फ पडत असेल तर वेळेचा हिशेब सोडून द्यावा. रस्ता ५,२८० फुटांवरून आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,१५८ फुटांवर चढतो. शहरात लख्ख ऊन असताना बोगद्यापाशी चाकांखाली दबून घट्ट झालेला बर्फ सापडतो, आणि आठवडाभर शहरात छान चाललेले टायर तिथे उघडे पडतात.

आधी नियम. डेन्व्हरजवळचं मॉरिसन ते व्हेलच्या पलीकडचं डॉट्सेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरच्या नक्षीची खोली किमान ३/१६ इंच लागते. एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाडीलाही यातून सूट नाही. टायर नियमात बसत नसतील तर चाकांवर चढवायच्या साखळ्या हव्यात. दंड १३० डॉलरच्या वर, आणि गाडी अडकून रस्ता बंद झाला तर ६५० च्या वर. खोली मोजायला २००९ पूर्वीचं एक सेंटचं नाणं पुरतं: मागच्या बाजूचं लिंकन स्मारक उलटं धरून खाचेत घाला, स्मारकाचं छत झाकलं गेलं तर ३/१६ आहे. चारही टायरवर, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडांना बघा. नवा टायर बहुधा १०/३२ चा असतो आणि ३/१६ म्हणजे ६/३२, म्हणजे घाटासाठी तो निम्मा झिजायच्या आतच बाद होतो.

टायरच्या बाजूवरचं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) कायद्याला चालतं, पण ते फक्त नक्षीच्या ठेवणीवरून मिळतं. त्यासाठी बर्फावर चाचणी होत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह चाचणीनंतरच मिळतं. तीही दबलेल्या बर्फावर पुढे जाण्याच्या पकडीची, ब्रेकची किंवा वळणाची नाही. साध्या ऑल-सीझनचं रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं. डेन्व्हरात राहून शनिवार-रविवारी वर जाणाऱ्यांनी हे चिन्ह असलेले ऑल-वेदर घ्यावेत: मिशेलिन क्रॉसक्लायमेट २, टोयो सेल्सिअस, ब्रिजस्टोन वेदरपीक. कायम वरच राहणाऱ्यांनी सरळ हिवाळी टायर लावावेत, तिथे काटकसर नको. घ्याल ते चारही एकत्र घ्या. दोनच नवे टाकले तर नव्या-जुन्यांच्या पकडीत फरक पडून वळणावर गाडी फिरते, आणि एडब्ल्यूडीत घेर वेगळा झाल्याने यंत्रणेवर ताण येतो.

निघण्याआधी हवा बघा. गॅरेजमध्ये १५ अंश सेल्सिअसला भरलेली हवा उणे १२ ला सुमारे ५ पीएसआयने उतरते. वर उंचीमुळे गेज दोन-अडीच पीएसआय जास्त दाखवतो. तो बघून हवा सोडू नका.

जॉर्जटाउनपासून बोगद्यापर्यंतचा चढ एडब्ल्यूडी सहज काढते, आणि तिथेच चालकाचा आत्मविश्वास फुगतो. खरी परीक्षा बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडल्यावर. सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे ८ मैल, ७ टक्क्यांपर्यंत उतार. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात, त्यामुळे उतारावर थांबायला एडब्ल्यूडीचा काही उपयोग नाही. आपल्याकडचा जुना नियम लागू: ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्यातच उतरायचा. ऑटोमॅटिकमध्ये ‘एल’ (लो गिअर) किंवा मॅन्युअल मोड बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच लावा. क्रूझ कंट्रोल बंद. एबीएसमुळे (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पेडल थरथरलं तरी पाय काढू नका.

१०,६६२ फुटांची व्हेल खिंड उंचीने कमी, पण वारा आणि वळणं जास्त. पुलांवर बर्फ आधी धरतो. वेग पुलाच्या अलीकडेच कमी करा. रस्त्यावरच्या मॅग्नेशियम क्लोराइडचा चिकट थर काचेवर बसतो, म्हणून उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं वॉशर पाणी पूर्ण भरून घ्या, जास्तीचा एक गॅलन डिकीत ठेवा.

परतीला रविवारी दुपारनंतर बोगद्याच्या चढावर गाड्या थांबत-थांबत सरकतात. उभ्या गाडीला तिथून हलवताना इंजिनचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना मिळणारी गाडी घसरते. पुढच्या गाडीपासून बरंच अंतर ठेवा, म्हणजे पूर्ण न थांबता हळूहळू सरकता येतं. साखळ्या लावायच्याच असतील तर चढ सुरू होण्याआधी सपाट जागी, इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावा, आणि घरी एकदा कोरड्यात लावून बघितलेल्या असू द्या: काही गाड्यांत चाकामागे त्यांना जागाच नसते, ते मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.