बोल गॉजची धार, अपडेट ३: ग्राइंडरचं एकदाचं ठरलं

लेथवर (लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर) लाकडाचे बोल, म्हणजे वाडगे, कोरायच्या खोलगट पात्याच्या टूलला, म्हणजे बोल गॉजला, धार लावायला वेट ग्राइंडर (पाण्यात फिरणाऱ्या दगडाचा) घ्यायचा का, हा प्रश्न होता. नाही घेतला. जुनाच ८ इंची स्लो स्पीड बेंच ग्राइंडर ठेवला, त्याच्या एका बाजूला १८० ग्रिटचं (ग्रिट म्हणजे दाण्याचा बारीकपणा) सीबीएन व्हील, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइडच्या कडक कणांचं धातूचं चाक, चढवलं आणि खाली व्ही-आर्मवाला जिग (टूल ठरलेल्या कोनात धरणारा सांगाडा, त्याचा आत-बाहेर सरकणारा दांडा म्हणजे आर्म) बसवला. झालं.

मोह जाम होता, खोटं कशाला बोलू. मित्राकडे दोन रविवार वेट ग्राइंडर वापरून बघितला, मोठा दगड पाण्यात निवांत फिरतो, मिनिटाला ९०च्या आसपास फेरे, ठिणगी नाही, धूळ नाही, आणि धार अशी की अंगठा फिरवायची भीती वाटावी. पटाशी आणि रंध्याच्या पात्याला तो राजाच. पण आपल्याला एक बोल काढताना टूल चार-पाचदा तरी ग्राइंडरवर न्यावं लागतं, लाकूड कडक असेल तर विचारूच नका, आणि दरवेळी पाणी भरा, पुसा, हे मी करणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. मग बोथट टूलच रेटत बसणार.

साध्या ग्राइंडरवर टूल तापून निळं पडेल ही भीती मलाही होती, पण ती कार्बन स्टीलच्या काळातली. एचएसएस (हाय स्पीड स्टील) थोडं निळं पडलं म्हणून त्याचा कडकपणा जात नाही. फक्त तापलेलं एचएसएस पाण्यात बुचकळू नका, धारेवर बारीक चिरा जाऊ शकतात.

सीबीएनऐवजी बेंच ग्राइंडरचा पांढरा दगडही वाईट नाही बरं का. पण तो ड्रेस करत (वरून खरवडून सारखा करत) राहावं लागतं, व्यास घटत जातो आणि जिगचं सेटिंग गुपचूप सरकतं. सीबीएनचा व्यास आहे तेवढाच राहतो, मला तेच हवं होतं. मऊ लोखंड मात्र त्यावर घासायचं नाही, व्हील भरून जातं.

आता सेटिंग. बेव्हल (धारेमागची उतरती बाजू) काळ्या मार्करने रंगवली, ग्राइंडर बंद ठेवून व्हील हातानेच फिरवलं आणि बघितलं शाई कुठली गेली. टाचेकडची (बेव्हलच्या मागच्या कडेची) गेली तर आर्म जरा बाहेर ओढायचा, धारेकडची गेली तर आत ढकलायचा, पूर्ण बेव्हलवरची एकसारखी गेली की जमलं. मग आर्मच्या त्या मापाची एक काठी कापून तिच्यावर पेनने ‘बोल गॉज ५५’ (५५ म्हणजे बेव्हलचा कोन, अंशांत) लिहून ठेवली, आणि गॉज जिगमधून किती बाहेर काढायचा त्यासाठी लाकडाच्या ठोकळ्याला ५० मिमीवर स्टॉप ठोकला. आता लेथपासून निघून परत लेथपाशी उभा राहीपर्यंत अर्धा मिनिट पण लागत नाही, दोनदा हलकं झुलवलं की काम झालं, दाबायचं अजिबात नाही.

दाबल्याचा प्रसाद पहिल्याच दिवशी मिळाला म्हणा. डाव्या विंगवर (धारेच्या बाजूच्या कडेवर) जास्त रेंगाळलो आणि नाकाच्या (टोकाच्या) मागे मस्त खड्डा पडला, धार वरून चकचकीत पण बोलच्या एंड ग्रेनला (लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात त्या भागाला) लावली की रेषा उचकटून निघायच्या. तो खड्डा काढायला नाक बरंच मागे घ्यावं लागलं, चांगलं २ मिमी स्टील ठिणग्यांत गेलं.

स्क्यू (तिरक्या धारेचं सपाट टूल) अजून प्लॅटफॉर्मवर, म्हणजे ग्राइंडरपुढच्या सपाट टेकूवर, हातानेच करतोय आणि दोन्ही बेव्हल सारख्या येत नाहीयेत. एक बाजू कायम जाड राहते. कोणाचं बसलं असेल तर सांगा राव, तोपर्यंत स्क्यू भिंतीला टांगलाय.