रॅगटाइमच्या काळावर दीर्घकथा लिहिताना: माझा अनुभव

रॅगटाइम या विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गाजलेल्या पियानो-संगीताच्या काळावर मराठीत दीर्घकथा लिहायचे ठरवले, तेव्हा नायक म्हणून त्या संगीताचा कृष्णवर्णीय अमेरिकन रचनाकार स्कॉट जॉप्लिन याच्याखेरीज दुसरे नाव माझ्या मनात नव्हते. त्याच्या आयुष्यातले प्रेम आणि महत्त्वाकांक्षा हे दोन धागे नेमके कुठे एकमेकांत गुंततात, हे शोधण्यातच या लेखनाचा बहुतेक काळ गेला.

महत्त्वाकांक्षेच्या बाजूला कागदपत्रांची उणीव नव्हती. गुलामगिरीतून सुटलेल्या बापाचा हा मुलगा टेक्सासातून निघून मिसुरीतल्या सेडेलिया या रेल्वेच्या गावी आला आणि १८९९ च्या ऑगस्टमध्ये त्याने जॉन स्टार्क या प्रकाशकाशी ‘मेपल लीफ रॅग’ या आपल्या पियानो-रचनेचा करार केला. त्या करारात रचनेच्या प्रत्येक छापील प्रतीमागे एक सेंट मानधन ठरले. कृष्णवर्णीय संगीतकाराच्या हातावर थोडी रक्कम टेकवून रचनेचे सगळे हक्क घेऊन टाकण्याच्या त्या काळात हा एक सेंट फार मोलाचा होता, म्हणून तो करार मी कथेत सविस्तर लिहिला. लोकांना नाचायला रॅगटाइमच्या रचना, म्हणजे रॅग, हवे असताना या माणसाला मात्र ऑपेरा, म्हणजे गायनातून उलगडणारे संगीतनाटक, लिहायचा होता. १९०३ मध्ये ‘अ गेस्ट ऑफ ऑनर’ हा पहिला ऑपेरा घेऊन तो दौऱ्यावर निघाला, दौरा मध्येच मोडला आणि त्या ऑपेराची संहिता पुढे कायमची हरवली.

प्रेमाच्या बाजूने चार-दोन नोंदीच हाती लागतात. १९०४ मध्ये त्याने ‘द क्रिसॅन्थमम’ ही रचना फ्रेडी अलेक्झांडर या तरुणीला अर्पण केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आर्कन्सातल्या लिटल रॉक येथे दोघांचे लग्न झाले, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. साध्या सर्दीतून आजार बळावला आणि १० सप्टेंबर रोजी सेडेलियात ती वारली. तीन महिनेही न टिकलेला हा संसार. मसुदा वाचणाऱ्या एका संपादकांनी दोघांची प्रेमपत्रे कल्पनेने रचावीत असे सुचवले. सूचना आपुलकीची होती, पण मला ती मानवेना. ज्या मुलीचा एकही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही, तिच्या तोंडी आपल्या सोयीचे लाडिक शब्द घालणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा पुसून टाकणे होय, असे माझे ठाम मत आहे.

वाट सापडली ती ‘ट्रीमनिशा’च्या प्रस्तावनेत. हा दुसरा ऑपेरा कोणी छापायला तयार नव्हते, म्हणून जॉप्लिनने १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे २३० पानांची संहिता पदरमोड करून छापली. ती आज संगणकावर पानापानाने उघडून वाचता येते. प्रस्तावनेत त्याने कथेचे स्थळ सांगितले आहे: आर्कन्सातला एक मळा. काळही सांगितला आहे: सप्टेंबर १८८४. अठरा वर्षांची, शिकलेली ट्रीमनिशा आपल्या माणसांची शिक्षिका आणि पुढारी होते, ती तेव्हापासून. फ्रेडी आर्कन्सातली आणि वयाच्या हिशेबाने जन्मली तीही १८८४ च्याच सुमारास. हा मेळ अभ्यासकांनीही टिपला आहे. जॉप्लिनने स्वतः त्यावर भाष्य केलेले नसल्यामुळे मीही केले नाही. माझ्या कथेत तो रात्री उशिरा प्रस्तावना लिहायला बसतो, वर्षाचा आकडा लिहून क्षणभर थांबतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. शेजारच्या खोलीत त्याची तिसरी पत्नी लॉटी जागी आहे. त्याच्या ऑपेरावर मनापासून विश्वास ठेवणारी, त्याच्या पाठीशी उभी राहिलेली ही बाई त्या आकड्याविषयी काही विचारत नाही. हे एक पान मी इतर कोणत्याही पानापेक्षा अधिक वेळा लिहिले.

लय पकडण्यासाठी मी पियानोवर ‘मेपल लीफ रॅग’चा पहिला भाग अगदी संथ वाजवायला शिकले. डावा हात तबल्याच्या ठेक्यासारखा स्थिर चालतो आणि उजवा हात मात्रेच्या अलीकडे-पलीकडे आघात देत राहतो. रॅगटाइम घाईने वाजवणे कधीच योग्य नाही, अशी सूचना जॉप्लिनच्या रचनांवर छापलेली असे. तिचा अर्थ बोटांना कळल्यावर माझी वाक्येही बदलली. फ्रेडीच्या मृत्यूनंतर आलेल्या ‘बेथीना’ या १९०५ च्या वॉल्ट्झवरील, म्हणजे तीन मात्रांच्या नृत्यरचनेवरील, प्रकरणात मी घटना जवळजवळ ठेवलीच नाही. तो वाजवतो, एवढेच त्यात आहे.

सर्वांत कठीण होते संवाद. सेडेलियातल्या कृष्णवर्णीय वादकांच्या तोंडी मराठीतली एखादी बोली घातली असती, तर त्या बोलीबरोबर आपल्याकडची जात, जिल्हा आणि त्यांविषयीचे पूर्वग्रहही मिसुरीत जाऊन बसले असते. शिवाय जॉप्लिनने स्वतः ट्रीमनिशाला प्रमाण इंग्रजी आणि मळ्यावरच्या इतर अनेकांना बोली दिली आहे, कारण शिक्षण हाच त्याच्या ऑपेराचा विषय आहे. शेवटी मी सर्वांना साधी प्रमाण मराठी दिली आणि फरक ठेवला तो वाक्यांच्या लांबीत. त्या काळच्या छापील गाण्यांच्या मुखपृष्ठांवर कृष्णवर्णीयांची जी विद्रूप चित्रे असत, त्यांचे वर्णन मात्र मी मुळीच सौम्य केले नाही. आपले संगीत ज्या दुकानात विकायचे, त्याच दुकानाच्या फळीवर आपल्या समाजाची ही विटंबना मांडलेली पाहणाऱ्या माणसाला ऑपेराच का लिहायचा होता, हे त्याशिवाय वाचकाला कळले नसते.

कथा मी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९१५ मध्ये झालेल्या ‘ट्रीमनिशा’च्या प्रयोगावर थांबवली. नेपथ्य, वेशभूषा, वाद्यवृंद यांपैकी काहीही नाही आणि पियानोवर स्वतः जॉप्लिन. १९१७ च्या एप्रिलमधला त्याचा मृत्यू, १९७२ मधला त्याच ऑपेराचा अटलांटाचा प्रयोग आणि १९७६ चा मरणोत्तर विशेष पुलित्झर पुरस्कार हे सर्व कथेत यावे, असा मित्रमंडळींचा आग्रह होता. परंतु पियानोसमोर बसलेल्या त्या माणसाला यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि वाचकाला त्याच्याआधी दिलासा देणे मला पटले नाही. या घटना आता कथेखालच्या टिपेत आहेत, आणि कोणते प्रसंग माझ्या कल्पनेतले आहेत हेही त्याच टिपेत लिहिले आहे.