चोर्ला घाट, चोडणची फेरी आणि जुन्या मारुतीचं अर्थिंग

पावसाळ्यात बेळगावहून गोव्याला जायचं म्हटलं की आम्ही चोर्ला घाटच धरतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग खाली केरी आणि साखळी. गाडी 2003 सालची मारुती 800. कणकुंबीच्या पुढे दाट धुकं लागलं, हेडलाइट लावले आणि वायपर एकदम मंदावला. इंडिकेटर दिला की त्याच्याच ठेक्यावर डॅशबोर्डचे दिवे कमी-जास्त व्हायचे. बॅटरीचा लाल दिवा मात्र पेटलेला नव्हता. तो पेटला नाही म्हणून चार्जिंग ठीक आहे असं धरून चालू नका. घाटात असं झालं तर ब्लोअर आणि टेप बंद करा, हेडलाइट चालूच ठेवा आणि इंजिन बंद न करता साखळीपर्यंत उतरा.

साखळीच्या पुढे एका दुकानात निदान झालं, "बॅटरी गेली, नवीन टाका." मीटर कुणी लावलाच नाही, म्हणून आम्हीही पैसे काढले नाहीत.

डिचोलीत मावसभाऊ राहतो. तो म्हणाला, "मयेवरून चोडण बेटावर जा आणि गाडी फेरीबोटीत घालून रायबंदरला उतर, पणजी समोरच." रस्ता खरंच देखणा आहे, दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे बांध घातलेली खाडीकाठची शेतं, आणि खारफुटी. पण फेरीवर इंजिन बंद ठेवावं लागतं. धक्क्यावरच्या रांगेत इंजिन बंद केलं आणि नंतर सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'.

मागचा पिकअपवाला उतरून आला. "दादा, किल्ली मी फिरवतो, तुम्ही बघा." मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना लावला. 12.4. सेल्फ मारतानाही 12 च्या आसपासच. बॅटरी खरोखर मेलेली असती तर आकडा 10 च्या खाली कोसळला असता. म्हणजे बॅटरीत दम होता, तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता. हात लावून पाहिलं तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल चक्क गरम! याचा अर्थ एकच: इंजिनाचं अर्थिंग, म्हणजे इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी जोडणी, तुटलंय आणि करंट परत यायला मिळेल ती वाट धरतोय. अशा वेळी पुन्हापुन्हा सेल्फ मारू नका, केबल जळते.

जंपर केबलची एकच तार घेतली. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनाच्या उघड्या लोखंडी ब्रॅकेटला. पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. मग तार काढून, हेडलाइट आणि वायपर लावून, निगेटिव्ह खुंटी आणि इंजिन यांच्यामध्ये मोजलं: 1.4 व्होल्ट. तिथे 0.2 च्या वर काही दिसायला नको. अल्टरनेटरजवळ (बॅटरी चार्ज करतो तो) 14.3 आणि बॅटरीवर 12.9, हिशेब तंतोतंत जुळला. नवी बॅटरी टाकली असती तर तीही आठवड्याभरात उतरली असती.

तार पुन्हा लावून, पंख्यापासून लांब बांधून फेरी ओलांडली. पणजीत इलेक्ट्रिशियनकाकांनी बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणारी पट्टी काढली. वरून ती धडधाकट दिसत होती. लग (पट्टीच्या टोकाची बोल्टची कडी) उलटा केला तर खाली हिरवट-पांढरी भुकटी, आणि आवरणाच्या आत तांब्याचे बरेचसे पदर तुटलेले. समुद्राची खारी हवा आणि पाऊस, जुन्या गाडीत आधी हेच सांधे खातात. नवी पट्टी घातली, बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. फरक 0.1 वर आला आणि वायपर पूर्वीसारखा धावू लागला.

तुम्ही निघणार असाल तर अर्थिंगची पट्टी तपासायचं हे काम घरीच उरका. काम करताना निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी जोडा. नाहीतर पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच. सोबत मल्टिमीटर, जंपर केबल, दहाचा पाना आणि थोडे फ्यूज ठेवा: लाल 10, निळा 15, पिवळा 20 अँपिअरचा. फ्यूज उडत असेल तर मोठा घालू नका, वायरिंग पेट घेतं. आणि गाडी सुरू व्हायला कां-कूं करत असेल तर चोडणची वाट सोडा. डिचोलीहून म्हापशामार्गे पुलावरून पणजी गाठा.