भूगोल मंडळाची प्रमुख असताना

शाळेत नववीत असताना, २००५ च्या जूनमध्ये, माझ्याकडे भूगोल मंडळाचे प्रमुखपद आले. सांगलीतल्या आमच्या शाळेत विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, भूगोल मंडळ अशी बरीच मंडळे होती आणि त्यांतली बहुतेक वर्षातून एकदाच जागी होत. भूगोल मंडळाला जाग यायची ती १४ जानेवारीच्या भूगोल दिनाला. नकाशांचे एक प्रदर्शन, पाहुण्यांचे एक भाषण आणि शेवटी तिळगूळ, एवढ्यावर त्याचे वर्ष संपायचे. त्या वर्षी मात्र आमच्या भूगोलाच्या सरांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून जुना पर्जन्यमापक बाहेर काढला आणि पावसाळा संपेपर्यंत रोज पाऊस मोजून तो फलकावर लिहिण्याचे काम मंडळाकडे दिले. माणसांकडून काम कसे होते याबद्दल मला जे काही कळते, त्यातले बरेचसे त्या पावसाळ्यात कळले. पुढे नोकरीत मला नेतृत्वविकासाच्या शिबिरांना पाठवण्यात आले. तिथे जेवण चांगले असायचे.

मंडळाच्या प्रमुखाकडे अधिकार म्हणून काही नसतो, ही गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात समजली. वर्गाचा मॉनिटर निदान गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहू शकतो. शालेय मंत्रिमंडळातल्या मुख्यमंत्र्याला बिल्ला मिळतो, शपथविधी होतो, परिपाठाच्या वेळी पुढे उभे राहता येते. (निवडणुकीचा धडा मुलांना प्रत्यक्ष मिळावा म्हणून हे मंत्रिमंडळ असते हे खरे, पण निवडून आल्यानंतर त्यांनी नेमके काय करायचे असते, हे आमच्या शाळेत कोणीच ठरवलेले नव्हते.) मंडळात येणारी मुले मात्र स्वखुशीने आलेली असत. त्यांना मी गुण देऊ शकत नव्हते, शिक्षा करू शकत नव्हते, आणि एखाद्याने उद्यापासून येत नाही म्हटले तर त्याला अडवायला माझ्याकडे काहीच नव्हते. आता मागे वळून पाहताना वाटते, की नेतृत्व शिकायला याहून कठोर आणि म्हणूनच याहून चांगली जागा मिळणे अवघड आहे. कार्यालयात पगार, बढती आणि वार्षिक अहवाल यांच्या आडोशाने पुष्कळ सुमार अधिकारी निभावून जातात.

काम दिसायला सोपे होते. पर्जन्यमापकाचे नरसाळे १२७ मिलिमीटर व्यासाचे होते. त्यातून आतल्या बाटलीत साठलेले पाणी मोजपात्रात ओतायचे आणि आकडा वाचायचा. मापक उघड्या जागी हवा, जवळच्या भिंतीपासून किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा, आणि त्याचा काठ जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच हवा, हे सर्व सरांनी आमच्याकडून मैदानावर दोरी धरून करून घेतले. अडचण वेळेची होती. भारतीय हवामान विभागाची पावसाची नोंद सकाळी साडेआठ वाजता होते आणि ती मागच्या चोवीस तासांची असते. आमची नोंदही त्याच वेळी व्हायला हवी, यावर सर ठाम होते. आमची शाळा अकराला भरायची. म्हणजे कोणीतरी साडेआठला यायचे, तेही पावसात, आणि रविवारीसुद्धा.

मी आधी हजेरीपटाच्या क्रमाने पाळ्या लावल्या, कारण तो क्रम न्याय्य होता. कागदावर सर्वांना समान वाटणी होती आणि कोणालाही तक्रारीला जागा नव्हती. पण मिरजेहून बसने येणाऱ्या मुलीला आणि शाळेच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या मुलाला साडेआठची वेळ सारखी पडत नाही. मग आम्ही एका दुपारी मधल्या सुट्टीत बसून, कोण कुठे राहतो, कोणाच्या घरी सकाळी कामे असतात, कोणाची शिकवणी कुठल्या वारी असते, हे सर्व एका वहीत लिहिले आणि जोड्या लावल्या. एकाने मोजायचे, दुसऱ्याने वाचून खात्री करायची आणि दोघांनी सह्या करायच्या. मिरजेच्या मुलीकडे सकाळची पाळी राहिली नाही. तिचे अक्षर सुरेख होते, म्हणून फलक तिच्याकडे गेला. माणसे सारखी नसताना वाटणी सारखी ठेवली, तर ती फक्त प्रमुखाच्या सोयीची असते. वाटणी करण्याआधी माणसांची माहिती असावी लागते आणि ती विचारल्याशिवाय मिळत नाही, ही साधी गोष्ट कोणी भाषणात सांगितली असती तर मी बहुधा लगेच विसरले असते.

जुलैच्या सुरुवातीला मोजपात्र फुटले. कोणाच्या हातून फुटले याची चौकशी पाच मिनिटे चालली आणि आठवीतल्या एका मुलाने ती थांबवली. तो म्हणाला, मोजपात्र जाऊ दे, नरसाळ्याचे क्षेत्रफळ काढू. गणित सरळ होते. १२७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस सेंटिमीटर येते (हा योगायोग आम्हाला फार गमतीचा वाटला). त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी सुमारे १२.७ मिलिलिटर भरते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मोजनळी मागून आणली आणि त्या मुलाने मिलिलिटरचे मिलिमीटर करण्याचा तक्ता तयार करून शाळेच्या भिंतीवर चिकटवला. त्या दिवसानंतर मोजमापाबद्दल कोणतीही शंका आली, की मुले माझ्याकडे न येता त्याच्याकडे जाऊ लागली. मला ते आधी थोडे खटकले. नंतर लक्षात आले, की माझे काम तेवढे कमी झाले आहे आणि उत्तरे जास्त बरोबर मिळू लागली आहेत.

याच सुमारास एका सकाळच्या नोंदीचा आकडा खोटा निघाला. पाळीतला एकजण आलाच नव्हता आणि दुसऱ्याने शाळेत न येता, घरच्या अंगणातला पाऊस पाहून अंदाजे आकडा वहीत नंतर लिहिला होता. तो उघडकीस कसा आला, हे लांबवण्यात अर्थ नाही. बाटलीत आदल्या दिवसाचे पाणी तसेच होते. सरांनी निर्णय माझ्यावर सोपवला. मुलांमध्ये त्याला मंडळातून काढावे असे म्हणणारे बरेच होते. मी त्याला वर्गाबाहेर एकटे गाठून विचारले, तेव्हा कळले, की नोंद चुकली तर सर्वांसमोर बोलणी बसतील या भीतीने त्याने आकडा लिहिला होता. म्हणजे खोट्या आकड्याचे मूळ आळसात नव्हते, आमच्या मंडळातल्या धाकात होते. आम्ही नियम केला: ज्या दिवशी मोजता आले नाही, त्या दिवशी वहीत लाल शाईने 'नोंद नाही' असे लिहायचे आणि त्याबद्दल कोणी कोणाला बोलायचे नाही. सरांनी त्याला आणखी एक जोड दिली, की अशा दिवशी शून्य लिहायचे नाही, कारण शून्य हीसुद्धा नोंदच असते. तो मुलगा त्यानंतर थोड्याच दिवसांत कबड्डीच्या संघात गेला आणि तिथे चांगला खेळला. नियम मात्र राहिला. आमच्या वहीत लाल शाईच्या ओळी पुष्कळ झाल्या, पण उरलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येऊ लागला.

जुलैच्या अखेरीस पूर आला. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्या शहरात पडणाऱ्या पावसावरून आमच्या नदीचा अंदाज करता येत नाही. सांगली तशी कमी पावसाची, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. तिकडचे पाणी कृष्णेतून येते, कोयनेचे पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर तिला मिळते आणि वारणा शेजारच्या हरिपूरला. त्यामुळे सांगलीकर आभाळाकडे कमी आणि आयर्विन पुलाकडे जास्त पाहतो. १९२९ च्या या पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोक्याची. पावसाळ्यात इथे दोन माणसे भेटली, की 'पाणी किती फुटांवर?' हाच पहिला प्रश्न असतो.

आमच्या फलकावर शाळेतला पाऊस, कोयना धरणाचा साठा आणि आयर्विन पुलाजवळची पातळी असे तीन आकडे असत. शेवटचे दोन आकाशवाणीवरून किंवा सकाळच्या वर्तमानपत्रातून घेतलेले. पाणी चढू लागले, तशी फलकासमोर मोठी माणसेही थांबू लागली. तेव्हा सूर्यवंशी प्लॉटमध्ये राहणारा सातवीतला एक मुलगा, जो एरवी बैठकीत तोंड उघडत नसे, मला म्हणाला, "ताई, नुसते फूट लिहून काय उपयोग? किती फुटांना कुठली गल्ली, ते लिहा की." धोक्याची पातळी गाठण्याच्या बऱ्याच आधी त्यांच्या भागात पाणी शिरते, हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हते, त्याच्या घरी ते उंबऱ्यावरून माहीत होते. मी खडू त्याच्या हातात दिला. त्याने आजीला आणि शेजाऱ्यांना विचारून आणलेल्या खुणा फलकाच्या उजव्या बाजूला लिहिल्या आणि पुढचे काही दिवस मंडळाच्या बैठका प्रत्यक्षात त्यानेच चालवल्या. प्रमुख म्हणून मी त्या काळात जे केले, त्यात त्याच्या बोलण्यात नववी-दहावीच्या मुलांना मध्ये पडू न देणे, हेच सर्वांत मोठे काम होते.

दुसरे काम नको ते लिहू न देण्याचे होते. पुराचे कारण कोणते, यावर फाटकापाशी मोठ्यांचे वाद चालत. कोणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला दोष देई, कोणी कोयनेतून सोडलेल्या पाण्याला, आणि एका पालकांनी तर फलकावर तसे ठळक लिहायचा आग्रहच धरला. मोठ्या माणसाला नाही कसे म्हणायचे, हे मला ठाऊक नव्हते. आम्ही ठरवलेला नियम तेवढा मी त्यांना सांगितला: फलकावर आकडा आणि तो कुठून घेतला त्याचे नाव, याखेरीज काही लिहायचे नाही. काका रागावले, पण ऐकले. नियम आधी ठरलेला असला, की नकार व्यक्तीला दिल्यासारखा होत नाही.

ऑगस्टमध्ये पाणी धोक्याच्या पातळीच्या बरेच वर गेले, शाळा बंद झाल्या आणि आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय झाली. (२०१९ मध्ये पाणी याहूनही चढले, ५७ फुटांच्या पुढे, पण तेव्हा मी सांगलीत नव्हते.) आमच्या वहीत त्या दिवसांसाठी लाल शाई लागणार, असे मी गृहीत धरले होते. शाळा उघडल्यावर पाहिले, तर एकही दिवस चुकलेला नव्हता. शाळेतच राहणाऱ्या शिपाईमामांनी रोज साडेआठला नोंद केली होती, भिंतीवरचा तक्ता पाहून. जूनपासून ते आम्हाला रोज फाटक उघडून देत होते आणि शेजारी उभे राहून पाहत होते. मंडळात येता का, असे त्यांना कोणी विचारले नव्हते, कारण मंडळ विद्यार्थ्यांचे. पुढच्या बैठकीला आम्ही त्यांना बोलावले. ते संकोचले, पण आले, आणि साडेआठच्या पाळीवरच्या मुलांना उशीर कशामुळे होतो, याची त्यांनी सांगितलेली कारणे माझ्या वहीतल्या कारणांपेक्षा खरी होती.

दहावीत गेल्यावर मंडळ दुसऱ्याकडे सोपवायचे होते. सर्वांना वाटत होते, की तक्ता करणारा मुलगा प्रमुख होईल. तोच सर्वांत हुशार होता. मी सरांना फलक लिहिणाऱ्या मिरजेच्या मुलीचे नाव सुचवले, कारण कोण नाराज आहे, कोण दोन दिवस आले नाही, हे तिला न सांगता कळायचे. तक्तेवाल्याला मी आधीच विचारले होते आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला होता. तिने जूनमध्ये आल्या आल्या माझ्या जोड्यांची पद्धत मोडली, शाळेजवळ राहणाऱ्या चौघांवरच सकाळचे काम ठेवले आणि बाकीच्यांना पूर्व भागातल्या जत, आटपाडीकडच्या नातेवाइकांकडून पोस्टकार्डावर तिथल्या पावसाची माहिती मागवण्याच्या कामाला लावले. मला ते पटले नव्हते आणि मी तसे तिला सांगितलेही. तिने ऐकून घेतले आणि आपल्याच पद्धतीने काम चालू ठेवले. त्या वर्षी वहीत लाल शाईच्या ओळी आमच्यापेक्षा कमी होत्या.